वाकड्या धुराड्याचे घर

आमच्या वसाहतीतील सर्व घरांची धुराडी सरळ बांधलेली आहेत. पिसारेकांच्या घराचे धुराडे तेवढे वाकडे होते. बाहेरून पाहणाऱ्याला ते कळत नसे, कारण छपरावर तेही इतरांसारखेच ताठ उभे असे. परंतु माळ्याच्या खाली जिथे मोठी तुळई आडवी येते, तिथे घरमालक एर्विन पिसारेकच्या वडिलांनी विटांचा मार्ग तुळईला वळसा घालून वर नेला होता. तुळई आधी बसली आणि धुराड्याचा विचार मागाहून झाला, एवढेच त्याचे कारण. धुराडी साफ करणारे लोक अशा वळणाला गुडघा म्हणतात. गुडघ्याशी काजळी साठते, कोळशाच्या धुरातील आम्ल तिथे मुरते, आणि विटांमधला चुना हळूहळू वाळूसारखा सुटत जातो. पिसारेकांकडे हे कित्येक वर्षे चालू होते. स्वयंपाकघराच्या भिंतीवर, दर वसंतात दिलेल्या पांढऱ्या चुन्याखालून, डांबराचा वास असलेले तपकिरी डाग वर येत. एर्विन पुन्हा चुना देई आणि डाग पुन्हा येत.

एर्विन पिसारेक त्याच घरात जन्मला. पोलंडच्या सायलेशिया प्रांतातील आमच्या पिढीचे बहुतेक मुलगे जिथे गेले तिथेच, म्हणजे कोळशाच्या खाणीत, तोही गेला. तेथे त्याचे काम कोळशातून सुटणारा स्फोटक वायू, मिथेन, मोजण्याचे होते. पाळी सुरू होण्यापूर्वी तो एकटा बोगद्यातून पुढे जाई, छताजवळच्या पोकळ्यांत मोजणीचे यंत्र धरी, आणि भिंतीवर खडूने आपली सही करी. ती सही दिसल्याखेरीज कोणी फावडे उचलत नसे. त्याचा धाकटा भाऊ रुफिन दुसऱ्या विभागात काम करीत असे. त्या विभागात एके दिवशी वायूचा स्फोट झाला आणि रुफिनची शवपेटी बंदच घरी आली. त्यानंतर एर्विनने वायूचे नाव घेणे सोडून दिले. तो नुसते 'तो' म्हणे. "तो आज छताला चिकटून बसलाय." "तो कोपऱ्यात दबा धरून आहे." नव्या कामगारांना प्रथम वाटे, की म्हातारा एखाद्या माणसाविषयी बोलतो आहे.

त्याची बायको हिल्डा ही खाणीच्या दिवेघरात दिवे वाटणारी. खिडकीतून दिवा घ्यायचा आणि वर आल्यावर परत करायचा, असा नियम होता. तरुणपणी एर्विनने त्या खिडकीशी उभे राहून लग्नाचे विचारले, तेव्हा मागे माणसांची रांग खोळंबली होती. "आधी दिवा परत आण," ती म्हणाली, "मग बघू. पुढं सरक, लोकांना कामावर जायचंय." रांगेतील लोकांनी हा प्रसंग पुढे जन्मभर दोघांना ऐकवला.

आमच्याकडे निवृत्त खाणकामगाराला दर शरद ऋतूत खाणीतून कोळसा मिळत असे. गाडी येई, दारापुढे ढीग ओतून जाई, आणि शेजारीपाजारी मिळून तो तळघराच्या खिडकीतून आत लोटत. काहींनी त्या कोळशाऐवजी रोख रक्कम घ्यायला सुरुवात केली, तेव्हा एर्विनने त्यांच्याशी बोलणे कमी केले. त्याच्या तळघरात ढेपा आकारानुसार रचलेल्या असत, बाहेरच्या बाजूला मोठ्या आणि आत लहान. खाणवाल्याने कोळसा विकत घ्यायचा नसतो, आणि कोळसा सोडून दुसरे काही जाळायचेही नसते, असे त्याचे मत होते. त्या मताविरुद्ध वाद घालून कोणाचा उपयोग झाल्याचे मला आठवत नाही.

हिल्डाला पक्षाघाताचा झटका आला आणि तिचे डावे अंग गेले. एर्विनने तिचा पलंग स्वयंपाकघरामागील खोलीत आणला, कारण धुराड्याची भिंत दोन्ही खोल्यांमध्ये सामाईक होती आणि चूल पेटली की मागची बाजूही कोमट होई. त्या धुराड्यात दोन नळ्या शेजारीशेजारी होत्या. एक चुलीच्या धुराची, दुसरी मागच्या खोलीतील हवा बाहेर जाण्याची. हवेच्या नळीचे तोंड हिल्डाच्या उशाकडच्या भिंतीत, लोखंडी जाळीमागे होते. दोन्ही नळ्यांमध्ये एकाच विटेची आडभिंत होती.

त्यांची मुलगी गिझेला लग्न होऊन जर्मनीत, डॉर्टमुंडला गेली होती. तिने आईसाठी त्या खोलीला नव्या, घट्ट बसणाऱ्या खिडक्या करून दिल्या होत्या. दर रविवारी तिचा फोन येई. आईला ख्रिस्ती जोगिणींच्या वृद्धाश्रमात ठेवावे, असे ती सांगे, आणि एर्विन फोन कानापासून दूर धरी. झटक्यानंतर हिल्डाला बोलता येऊ लागले तेव्हा तिने पहिली मागणी हीच केली होती, की मला त्या आश्रमात नेऊ नकोस. त्याने तसे वचन दिले होते.

झटक्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी शरद ऋतूत धुराडी तपासणारा झेनोन आला. काळा गणवेश, पितळी बटणांच्या दोन रांगा, आणि मिशा इतक्या जाड की धुराडे साफ करायला ब्रशाऐवजी त्याच वापराव्यात, असे हिल्डा म्हणे. धुराडेवाला दिसला की आमच्याकडे आपल्या कपड्याचे बटण धरतात, त्याने नशीब उघडते अशी समजूत आहे. हिल्डा पलंगावरून ओरडली, "झेनोन, माझ्या झग्याला नाड्या आहेत रे नुसत्या. बटण नाही. माझं कसं व्हायचं?"

तो आत गेला आणि तिच्यापुढे वाकला. "माझंच धरा, काकू. पण ओढू नका, बायको शिवून देत नाही."

मग त्याने छपरावर जाऊन दोरीला बांधलेला लोखंडी गोळा नळीत सोडला. गोळा गुडघ्याशी अडला. काजळी काढण्यासाठी धुराड्याच्या तळाशी ठेवलेल्या दारातून विटेचा भुगा आणि चुना पाटीभर निघाला. झेनोन माळ्यावर गेला, आडभिंतीच्या सांध्यात त्याने स्क्रूड्रायव्हर टेकवला, आणि तो मुठीपर्यंत आत गेला. खाली येऊन त्याने हात धुतले. मी त्या वेळी तिथे बसलेलो होतो. एर्विनने माझ्यापुढे पत्ते मांडले होते, पण त्याचे लक्ष झेनोनकडे होते.

"काका, ही चूल पेटवायची नाही," झेनोन म्हणाला.

"केव्हापर्यंत?"

"केव्हाच नाही. हे धुराडं संपलंय. मधली भिंत म्हणजे भिजलेला पाव आहे."

"पोलादी नळी टाक की आत."

"ती गुडघ्यातून वळणार कशी? नळी टाकायची तर भिंत फोडावी लागेल, तुळई उघडी करावी लागेल, आणि तुळईची अवस्था मला बघायची नाही. उन्हाळ्यात हे सगळं करता आलं असतं."

"उन्हाळ्यात तू आला नाहीस."

"आलो होतो. तुम्ही कबुतरांच्या शर्यतीला गेला होता. काकूंना विचारा."

मागच्या खोलीतून हिल्डा म्हणाली, "आला होता. मी सांगितलं होतं तुला. तुझं लक्ष त्या निळ्या मादीकडं होतं."

झेनोनने मग एकेक पर्याय समोर ठेवला. रुळांपलीकडच्या इमारतींना खाणीच्या भट्टीवरून गरम पाणी जाते, पण ती नळवाट रुळांच्या अलीकडे येणार नाही, कारण अलीकडे घरे थोडी. विजेच्या शेगड्या घेता येतील, मात्र या घरातील तारा त्यांचा भार सोसणार नाहीत. बाहेरून नवी तार ओढावी लागेल, आणि वीज कार्यालय तिला वसंतापूर्वी हात लावणार नाही. लाकडाच्या भुशाच्या गोळ्या जाळणारी भट्टी चांगली, पण तिलाही धुराडे लागतेच. "राहिला एक," तो म्हणाला. "गॅस. पाइप तुमच्या दारावरून गेलाय. बंद पेटीचा बॉयलर घ्यायचा. तो हवा बाहेरून ओढतो आणि धूर भिंतीतून बाहेर टाकतो. धुराड्याचं कामच नाही. दोन आठवड्यांत काकूंच्या खोलीत गरम पाण्याचा रेडिएटर चालू."

एर्विनने पत्ते गोळा केले, नीट जुळवले आणि टेबलाच्या कडेला ठेवले.

"मी जन्मभर त्याला माणसांपासून लांब ठेवला," तो म्हणाला. "आता पाइप घालून त्याला घरात बोलावू? हिल्डाच्या उशाशी?"

"काका, खाणीतला वेगळा आणि—"

"तोच आहे. नाव तेच, स्वभाव तोच."

झेनोन माझ्याकडे वळला. मी खाणीच्या शाळेत वायुवीजन शिकवीत असे, आणि वसाहतीत अजूनही सगळे मला मास्तर म्हणत. "मास्तर, तुम्ही तरी सांगा." मी सांगितले. बंद पेटीच्या बॉयलरची रचना कागदावर काढूनही दाखवली. एर्विनने चित्र लक्षपूर्वक पाहिले, ते बरोबर असल्याचे मान्य केले, आणि त्याच कागदावर राख झटकली.

पुढील रविवारी गिझेलाने फोनवर सांगून टाकले, की नाताळात ती येईल आणि घर थंड असले तर आईला स्वतः आश्रमात पोहोचवील. तिने जागेसाठी जोगिणींशी बोलणेही केले होते. त्या दिवसापासून एर्विनपुढे एकच काम उरले. नाताळापूर्वी ती खोली गरम करायची, नाहीतर वचन मोडायचे.

त्याने प्रथम झेनोनचे ऐकून पाहिले. चूल बंद ठेवली आणि विजेची एक शेगडी आणली. ती लावली की दिवा मंद होई, आणि पाणी तापवायला ठेवले की सगळे घर अंधारात जाई. नोव्हेंबर जसजसा आत शिरला तसतसे त्या खोलीत बसणे अवघड झाले. हिल्डा टोपी घालून, दोन दुलयांखाली पडून राही. तिचा निरोगी हात बाहेर असे, कारण तो आत घेतला की तिला पुस्तकाचे पान उलटता येत नसे. बोटे जांभळी पडलेली मी पाहिली आहेत. सूप कपात ओतल्यावर चमचा तोंडाशी जायच्या आत निवे.

"म्हाताऱ्या," ती एकदा त्याला म्हणाली, "दिवेघरात हिवाळ्यात आम्ही दिवे पोटाशी धरून बसायचो. तसला एक दिवा तरी आणून दे."

दुसऱ्या दिवशी तो ऑस्वाल्डकडे गेला.

ऑस्वाल्ड हा खाणीत बांध घालणाऱ्या टोळीचा मुकादम होता. जमिनीखाली कोळशाला आग लागली, की ती विझवता येत नाही. बोगद्याच्या तोंडाशी भिंत घालतात, भिंतीच्या फटी एका विशेष मसाल्याने बुजवतात, आणि आत हवा जाऊ न दिल्याने आग आपोआप गुदमरते. त्या मसाल्याची पोती ऑस्वाल्डच्या गोठ्यात होती. ती तिथे कशी आली हे आमच्याकडे कोणी विचारत नाही. शनिवारी तो हातगाडीवर पोती घालून आला. अंगात खाणीचा जुना सदरा, तोंडात विझलेली सिगारेट.

"आपण अख्ख्या आगी गाडल्या, एर्विन," तो भिंतीला थाप मारून म्हणाला, "आणि हे एवढंसं धुराडं तुला नाचवतंय?"

मी म्हणालो, की झेनोनने चूल पेटवायला मनाई केली आहे आणि दुखणे भिंतीच्या पृष्ठभागावर नसून आत आहे.

"मास्तर, तुम्ही फळ्यावर बांध घातलेत. ते कधी गळले नाहीत, कबूल. आता जरा बाजूला उभे राहा, कोट पांढरा होईल."

त्यांनी सुटलेला गिलावा हातोड्याने पाडला. हलणाऱ्या विटा खालपासून माळ्यापर्यंत ठोकून पाहिल्या. काही ठोकताच आत पडल्या. नळीतून त्या गडगडत गेल्याचा आवाज सर्वांनी ऐकला, आणि एर्विनने खालचे दार उघडून जे हाती लागले ते बाहेर काढले. वर गुडघ्यापाशी काय अडकले आहे, ते तिथून दिसणारे नव्हते. मग दोघांनी मसाला कालवला आणि जमिनीपासून छतापर्यंत भिंतीची ती बाजू भरून काढली. काम अतिशय सुबक झाले. वाळल्यावर भिंत चिनी मातीच्या भांड्यासारखी गुळगुळीत दिसत होती, आणि त्यानंतर तिच्यावर एकही तपकिरी डाग आला नाही. एर्विनने शहरातून अर्धवट जळलेल्या कोळशाच्या विषारी वायूची सूचना देणारे यंत्र आणून चुलीशेजारी खिळ्यावर टांगले. मोजणी नेहमी उगमापाशी करायची, हे त्याचे जन्मभराचे शास्त्र होते. यंत्राचा हिरवा दिवा शांतपणे लुकलुकत राहिला.

चूल पेटली. पहिल्या दिवशी धूर जरा रेंगाळला. थंड पडलेल्या धुराड्याला ओढ यायला वेळ लागतो, असे ऑस्वाल्ड म्हणाला, आणि सर्वसाधारणपणे ते खरेही आहे. संध्याकाळपर्यंत मागची खोली उबदार झाली. हिल्डाने टोपी काढली. राय धान्याच्या आंबट सुपात तिने स्वतःच्या हाताने अंडे कुस्करले आणि ऑस्वाल्डला म्हणाली, "तुझ्या बापाला धंदा जमला नाही, तुला मुकादमी जमली नाही, पण गिलावा बरा करतोस. आधीच गवंडी व्हायचंस." ऑस्वाल्ड इतका खूश झाला, की त्याने दोनदा सूप घेतले. रविवारी एर्विनने फोन हिल्डाच्या कानाशी धरला. "गरम आहे गं," ती मुलीला म्हणाली. "घाम येतोय. ये नाताळात, पण मला न्यायला नको येऊस." पुढच्या दिवसांत तिचे डोके अधूनमधून दुखे. ते तिचे आधीपासूनच दुखत असल्याने कोणी मनावर घेतले नाही.

डिसेंबरच्या आरंभी संत बार्बाराचा सण येतो. ती खाणवाल्यांची रक्षणकर्ती. त्या सकाळी खाणीचा बँड वसाहतीतून वाजत फिरतो, आणि निवृत्त झालेलेही काळा गणवेश आणि पिसांचा तुरा लावलेली टोपी घालून प्रार्थनेला जातात. एर्विनने जाण्यापूर्वी चूल मोठ्या ढेपांनी भरली आणि परत येईपर्यंत विस्तव टिकावा म्हणून खालची हवेची झडप जवळजवळ बंद केली. प्रत्येक घरात तसेच करतात. हिल्डाने त्याला पलंगापाशी वाकायला लावून एका हाताने त्याची कॉलर सरळ केली.

"तुरा वाकडा झालाय. असू दे, तू पण झालायस. येताना बँडवाल्यांना माझ्या खिडकीवरून आण."

"दर वर्षी आणतो."

"ते दर वर्षी केक खायला यायचे. यंदा केक नाही, तेव्हा नीट विनव."

तिच्या खिडकीखाली बँड एक जुन्या चालीचे गीत वाजवी, आणि ती आतून काचेवर अंगठी वाजवून दाद देई. पक्षाघातानंतरच्या पहिल्या सणालाही तिने तशी दाद दिली होती.

सकाळ धुक्याची होती. हवा इतकी जड की छपरांवरचा धूर वर न जाता कौलांवरून घरंगळून अंगणात उतरत होता. प्रार्थना आटोपून आम्ही मिरवणुकीने परत आलो. एर्विन पुढे जाऊन बँडमास्तराशी बोलला, आणि सगळे पिसारेकांच्या परसात खिडकीपाशी उभे राहिले. गीत वाजले. शेवटचा सूर थांबल्यावर आम्ही काचेकडे पाहत राहिलो. आवाज आला नाही.

"रुसली वाटतं हिल्डा," कोणीतरी म्हणाले.

"केक केला नाही म्हणून लाजत असेल."

"एर्विन, सकाळी भांडलास काय?"

एर्विन हसला. ऑस्वाल्डने बँडमास्तराला खूण केली. "अरे, झोप लागली असेल तिला. जरा जोरात वाजवा, पितळ कशाला वाहताय?" आणि गीत दुसऱ्यांदा, पहिल्यापेक्षा मोठ्याने, सर्व कडव्यांसह वाजवले गेले.

ते संपण्याच्या सुमारास एर्विनचा चेहरा बदललेला मी पाहिला. टोपी हातात घेऊन तो दारातून आत गेला. मी मागोमाग गेलो. स्वयंपाकघर उबदार आणि नीटनेटके होते, यंत्राचा हिरवा दिवा लुकलुकत होता. त्याने मागच्या खोलीचे दार उघडले, उंबऱ्यावर क्षणभर थांबला, आणि मला म्हणाला, "श्वास घेऊ नका. तो आहे इथं." मग तो आत धावला, कोपराने नवी खिडकी फोडली आणि हिल्डाला दुलईसकट उचलून बाहेर आणले. परसातल्या बर्फावर बँडवाल्यांनी आपले कोट अंथरले होते. तिचे गाल गुलाबी होते, आणि ज्यांनी खाणीत काम केले होते त्या प्रत्येकाला त्या गुलाबी रंगाचा अर्थ माहीत होता: कोळशाचा विषारी वायू रक्तात भिनल्याची ती खूण.

तिला कातोवित्से शहराच्या इस्पितळात नेले. मागाहून अग्निशामक दलाचे लोक मोजणीयंत्र घेऊन आले. स्वयंपाकघरात त्यांना काही आढळले नाही. मागच्या खोलीत, उशाकडच्या जाळीपाशी यंत्र धरताच ते किंचाळू लागले. मोजणी करणारा जवान कोवळा होता आणि दुसऱ्या शहरातून आलेला होता. त्याने एर्विनला आदराने, सावकाश समजावून सांगितले: "आजोबा, तुम्ही ही बाजू अगदी छान बंद केलीत. पण वरचा रस्ता अडला, आणि इकडून वाट नाही. मग तो गॅस मधल्या भिंतीतून शेजारच्या नळीत शिरला आणि तिकडच्या खोलीत उतरला. खिडक्या इतक्या घट्ट, की ती नळी उलटी हवा ओढायला लागली. एका बाजूनं बांध घातला की तो दुसरी वाट शोधतो."

"माहीत आहे मला," एर्विन म्हणाला.

ऑस्वाल्ड दारात उभा होता. तो मागे वळला आणि निघून गेला. पुढे तो पिसारेकांच्या गल्लीतून जाताना मला दिसला नाही. बाजारात जायचे असले तरी तो रुळांकडून लांबचा वळसा घेई.

झेनोनने येऊन चुलीच्या दाराला तार गुंडाळली आणि शिशाचे सील ठोकले. मग तो माळ्यावर गेला, गुडघ्याच्या जरा वर भिंत फोडून खाली हात घातला आणि आत अडकलेल्या विटांचे तुकडे काढून वर्तमानपत्रावर मांडले. काही तुकड्यांना पांढरा मसाला चिकटलेला होता. त्याने कागद स्वयंपाकघरात आणून टेबलावर ठेवला. एर्विनने तुकडे पाहिले. झेनोन एक शब्दही न बोलता बाहेर पडला, आणि एर्विनला ते बोलण्यापेक्षा अवघड गेले असावे असे मला वाटते.

हिल्डा वाचली. परंतु बोलताना तिचे शब्द आता मागेपुढे होत, आणि निरोगी हाताला कंप सुटला. गिझेला नाताळाची वाट न पाहता आली. इस्पितळातून तिने आईला थेट जोगिणींच्या आश्रमात नेले. एर्विन त्या वेळी दारात उभा होता. त्याने विरोध केला नाही.

तो हिवाळा त्याने विजेच्या एका शेगडीवर काढला. रोज दुपारी तो आश्रमात जाई, कोट अंगावर ठेवूनच हिल्डाजवळ बसे आणि अंधार पडण्यापूर्वी परत येई. माझ्या घरी राहायला ये, असे मी त्याला अनेकदा सांगितले. "तुमच्याकडं गरम फार आहे," तो म्हणे. कबुतरे त्याने वाटून टाकली. बर्फ वितळू लागला तेव्हा त्याने स्वतः झेनोनला निरोप धाडला.

"गॅस घेतो," तो म्हणाला.

झेनोनला बोलायचे पुष्कळ असेल. तो म्हणाला, "बरं, काका," आणि माप घ्यायला लागला.

वसंतात घराचे रूप पालटले. धुराडे छपराखालपर्यंत उतरवून वर कौले बसवली. चूल काढली. चिनी मातीसारख्या त्या गुळगुळीत भिंतीवर बॉयलरची पांढरी पेटी आली, तिची आखूड नळी लगतच्या बाहेरच्या भिंतीतून पार गेली, आणि मागच्या खोलीत खिडकीखाली रेडिएटर बसला. पेटी प्रथम सुरू झाली तेव्हा एर्विन तिच्यासमोर खुर्ची घेऊन बसला आणि ज्योत आपोआप लागते व विझते हे संध्याकाळपर्यंत पाहत राहिला. झेनोन त्याला म्हणाला, "काका, हा पळून जायचा नाही." "पळत नाही तो," एर्विन म्हणाला. "तेच तर."

दुसऱ्या दिवशी हिल्डाला हे सांगायला तो आश्रमात गेला. त्याने नवा सदरा घातला होता. मीही त्याच्यासोबत होतो. हिल्डा रेडिएटरला पाठ लावून आरामखुर्चीत बसली होती, अंगात अर्ध्या बाह्यांचा झगा. त्याने तिला सगळे क्रमाने सांगितले. बॉयलर, नळी, रेडिएटर, खिडकीची नवी काच. खोली इतकी गरम होते की दुलई लागत नाही. डॉक्टर म्हणतात तू येऊ शकतेस. मुलीला मी सांगेन.

तिने ऐकून घेतले. बोलायला तिला वेळ लागला.

"मी बँड ऐकला होता," ती म्हणाली.

एर्विनला प्रथम कळले नाही.

"खिडकीखाली. हात उचलत होते. उचलला जाईना. म्हटलं, आता कुणीतरी येईल आत." ती थांबली, शब्द शोधत राहिली. "मग तुम्ही परत वाजवायला लागलात."

एर्विनने टोपी गुडघ्यावर ठेवली होती, ती तो गोल फिरवू लागला.

"मी रागावले नाही, म्हाताऱ्या. ऑस्वाल्डवर पण नाही, सांग त्याला. पण त्या खोलीत मी झोपणार नाही आता. जाळी काढलीस?"

"काढली. भरून टाकली."

"भरलीस," ती म्हणाली, आणि मान हलवली. "आपलं सगळं भरूनच टाकता तुम्ही." मग तिने त्याच्या कोटाकडे बोट दाखवले. "काढ तो. इथं गरम आहे. जेवायच्या घंटेपर्यंत बस, सूप बरं असतं आज."

त्याने कोट काढला आणि घंटा होईपर्यंत बसला.

अजूनही तो रोज आश्रमात जातो. वचन दिले होते, ते त्याने पाळले नाही असे त्याचे म्हणणे आहे, आणि मी त्यावर वाद घालत नाही. त्याचे घर आता वसाहतीतील सर्वांत उबदार घर आहे. जानेवारीत, खिडकीच्या काचांवर बर्फाची नक्षी उमटते तेव्हाही, त्याची मागच्या खोलीची खिडकी सताड उघडी असते आणि रेडिएटर पूर्ण चालू असतो. पडदा बाहेर फडफडतो. एकदा मी त्याला म्हणालो, की ही निव्वळ नासाडी आहे.

"असू दे, मास्तर," तो म्हणाला. "मी झोपतो तिथं. बंद केली की झोप येत नाही."